जुन्या मोटारीच्या टर्बोचा दाब कमी का पडतो?

सोयाबीनच्या सुगीत खळ्यापासून मोंढ्यापर्यंत धावणारी जुनी डिझेल मोटार अहमदपूरहून लोह्याकडे जाताना चढावर रेंगाळू लागली, की ‘टर्बो गेला’ असा समज करून घेतला जातो आणि तो बदलण्यासाठी मोठा खर्च केला जातो. परंतु पुष्कळदा दोष टर्बोत नसून हवेच्या मार्गात असतो. यास्तव तपासणीचा आरंभ अल्प खर्चाच्या भागांपासून करावा.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंच्या जोराने टर्बोचे एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून ती दाबाने इंजिनात भरते. हवा अधिक मिळाली म्हणजे अधिक डिझेल नीट जळते व शक्ती वाढते.

प्रथम धूर पाहावा. काळा धूर बहुधा हवा अपुरी पडत असल्याची खूण होय. निळा धूर तेल जळत असल्याची. काळा धूर नसूनही जोर कमी असल्यास डिझेल फिल्टरही तपासावा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. एअर फिल्टर : मळणीचा भुसा व काळ्या मातीची धूळ यांनी तो लवकर कोंदतो. कागदी फिल्टर धुऊ नये; बदलावा.

२. रबरी नळ्या : टर्बो, इंटरकूलर व इंजिन यांमधील नळ्यांना चीर आहे काय, क्लिपा सैल आहेत काय, हे पाहावे. सांध्याजवळचा तेलकट डाग व चढावर ऐकू येणारा फुसकारा गळती दर्शवितात.

३. दाबनियंत्रक : त्याची दांडी सहज सरकते काय व त्याच्या बारीक नळ्या शाबूत आहेत काय, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

४. सायलेन्सर : तो काजळीने तुंबल्यास वायूंचा जोर घटतो.

५. टर्बोचा दांडा : आडवी किंचित हालचाल स्वाभाविक असते. मात्र दांडा मागेपुढे सरकत असल्यास किंवा पाती कवचास घासत असल्यास टर्बो झिजला आहे असे समजावे.

टर्बो बदलताना तेलाची नळी साफ आहे याची खात्री अवश्य करावी. अन्यथा नवा टर्बोही तेलाअभावी लवकरच निकामी होईल. दाट निळा धूर निघत असता मोटार चालवू नये. टर्बोतून गळणारे तेल इंजिनात शिरल्यास चावी बंद करूनही इंजिन बेफाम धावू शकते.

वेळेवर तेल बदलणे आणि लांबचा चढ चढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालवून मगच बंद करणे, या दोन सवयी टर्बोचे आयुष्य वाढवितात.