चीन–जपान स्पर्धा आणि मुंबईचा सूतव्यापार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांतील सुताची प्रमुख परदेशी बाजारपेठ चीन ही होती. पहिल्या चीन–जपान युद्धानंतर (१८९४-९५) ती क्रमाक्रमाने जपानकडे गेली. पूर्व आशियातील दोन शेजारी सत्तांच्या वैराचे परिणाम अशा रीतीने परळ-लालबागच्या गिरणगावापर्यंत पोहोचले.

पार्श्वभूमी

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी ही मुंबईतील पहिली कापडगिरणी होय. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडे सूत कातत व चीनमधील हातमागांवर त्याला मोठी मागणी होती. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातील टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. चीनचे चलन मात्र चांदीचेच राहिल्याने तेथे भारतीय सूत महाग पडू लागले. त्याच वर्षी जमशेटजी टाटा व निप्पॉन युसेन काइशा यांच्या सहकार्याने मुंबई–कोबे जहाजवाहतूक सुरू झाली. भारतीय कापूस कमी भाड्यात जपानी गिरण्यांना मिळू लागला आणि त्यापासून काढलेले सूत चीनमध्ये मुंबईच्याच सुताशी स्पर्धा करू लागले.

शिमोनोसेकीचा तह

१७ एप्रिल १८९५ रोजी झालेल्या या तहानुसार चीनने तैवान जपानला दिले व २० कोटी ताएल युद्धखंडणी मान्य केली. चीनच्या खुल्या बंदरांत कारखाने काढण्याचा हक्क जपानला मिळाला. चीनशी पूर्वी झालेल्या करारांतील समान सवलतीच्या कलमांमुळे तो पाश्चात्त्य सत्तांनाही लाभला. परिणामी शांघायमध्ये परदेशी मालकीच्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या.

गिरणगावावरील परिणाम

१८९६ च्या प्लेगमुळे अनेक कामगार गावी परतले व उत्पादन विस्कळीत झाले. चीनची मागणी घटत गेल्यावर गिरण्यांनी माग वाढवून देशांतर्गत बाजारासाठी कापड विणण्यावर भर दिला. पुढे या बाजारातही जपानी कापड आले. १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरील आयातकर ७५ टक्के करण्यात आला, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या भारत–जपान व्यापार करारात जपानी कापडाची आयात भारतीय कापसाच्या खरेदीशी जोडून हा वाद मिटविण्यात आला.

दुसरे चीन–जपान युद्ध

१९३७ मध्ये पुन्हा युद्ध पेटल्यावर राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक मुंबईहून चीनला पाठविले. त्यातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. युद्धकाळात चिनी सैनिकांवर उपचार करीत असतानाच १९४२ मध्ये त्यांचे तेथे निधन झाले.