पीडितेच्या आधाराचा पैसा येतो कुठून?

निफाड तालुक्याचा ग्रामीण भाग नाशिक जिल्हा परिषदेच्या कार्यक्षेत्रात येतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांना स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालवणे, हा या निधीचा एक मान्य उपयोग आहे. ग्रामपंचायतींनाही उत्पन्नातील १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावा लागतो.

तात्पुरता निवारा, वैद्यकीय, पोलीस व कायदेशीर मदत एकाच जागी देणाऱ्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा खर्च मात्र केंद्र सरकार निर्भया निधीतून करते. ही योजना १ एप्रिल २०१५ पासून सुरू आहे.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याची मदत विनामूल्य मिळते. महिला हेल्पलाइन १८१. तातडीच्या वेळी ११२.