आसऱ्याची अट

वऱ्हाडात धर्माच्या आधाराने स्त्रीला घराबाहेर जागा मिळाल्याचा इतिहास अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरपर्यंत मागे नेता येतो. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला आणि अल्पवयात वैधव्य आलेली महदाइसा चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात, याच रिद्धपुरात, 'धवळे' ही विवाहगीते रचून मराठीची आद्य कवयित्री ठरली. मात्र तो आसरा संन्यासिनीचा होता. भिक्षा आणि नात्यांचा त्याग पत्करणारीला तो मिळे, परंतु मारहाणीला कंटाळून कडेवर लेकरू घेऊन निघालेल्या बाईची सोय त्यात होणे अवघड होते. म्हणून धर्माधिष्ठित निवाऱ्याचे मोल ठरवताना, दार उघडणारी श्रद्धा मोबदल्यात काय मागते, हे आधी पाहावे लागते.

हाच प्रश्न पंडिता रमाबाईंच्या कार्यात उघडपणे उभा राहिला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हललेले शारदा सदन हे विधवांचे आश्रयस्थान धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. परंतु मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला आणि 1893 मध्ये समाजसुधारक रानडे व भांडारकर यांनी सदनाचे सल्लागार मंडळ सोडले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावच्या आपल्या आश्रमात आणल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईची कळकळ निर्विवाद होती. तरीही जिला जायला दुसरे ठिकाणच नाही, तिची धर्मांतराला दिलेली संमती कितपत मोकळी मानावी, ही शंका त्या कळकळीने मिटत नाही.

आज धर्मांतरापेक्षा अधिक रुळलेली अट समेटाची आहे. 'संसार मोडू नये' या भावनेतून, आणि बहुधा सद्हेतूने, बाईला नांदायला परत पाठवले जाते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 याचा रोख वेगळा आहे. पीडितेने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली तिला साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, विनंती केल्यास निवारागृहाने तिला आसरा द्यावा, असे कलम 6 सांगते. आधी घटनेचा अहवाल दाखल केला नाही म्हणून तिला परतवता येत नाही, आणि तिची इच्छा असल्यास ती तेथे असल्याचे प्रतिपक्षाला कळवता येत नाही, असे 2006 चे नियम बजावतात. समुपदेशनातही हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिपक्षाला मुभा नाही.

गुप्ततेची ही तरतूद वऱ्हाडच्या सेवापरंपरेला नवी आहे. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या, त्यांचे थोरपण दार सर्वांना उघडे असण्यात आहे. निवारागृहाला मात्र मागावर आलेल्या नवऱ्याला, तो कितीही गयावया करीत असला तरी, बाहेरच थांबवावे लागते. अमरावती-अकोल्यात असा निवारा चालवू पाहणाऱ्या मंडळींना भाविकांच्या देणग्या स्वीकारतानाही पत्ता आणि चेहरे झाकण्याची शिस्त पाळावी लागेल, व हे सत्कार-सोहळ्यांच्या सवयीत सोपे नाही.

मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. 'स्वाधार गृह' या केंद्रीय योजनेत मुलींना अठरा वर्षांपर्यंत आईजवळ राहता येई, मुलांना मात्र आठ वर्षांपर्यंतच. त्यानंतर मुलाला बालगृहात पाठवावे लागे. हिंसाचारग्रस्त स्त्रीच्या मुक्कामाची कमाल मर्यादाही एक वर्षाची होती, आणि न्यायालयातील प्रकरणे तेवढ्यात संपतातच असे नाही. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे पालकत्व घेणारे, 2024 चे पद्मश्री शंकरबाबा पापळकर हे अठराव्या वर्षी अशा मुलांना संस्थेबाहेर काढण्याला सातत्याने विरोध करीत आले आहेत. तेथील मुले वेगळ्या कारणाने निराधार झाली असली, तरी पापळकरांचा आग्रह छळातून सुटलेल्या माय-लेकरांनाही लागू पडतो: आसऱ्याची मुदत गरजेनुसार ठरावी, आणि आठ वर्षांच्या पोराला आईपासून तोडण्याची वेळ नियमाने आणू नये.