कवडीच्या बंधाऱ्यावरची मोजणी

सोलापूर रस्त्यानं हडपसर आणि मांजरी मागे टाकून कवडीपाटच्या टोलनाक्यापाशी आलं आणि डावीकडे वळलं, की मुळा-मुठा दिसायच्या आधी तिचा वास येतो. पुण्यानं वापरून सोडून दिलेलं पाणी घेऊन नदी इथवर येते आणि एका जुन्या दगडी बंधाऱ्यावरून खाली पडते. पडताना तिला साबणाचा फेस येतो. थंडीच्या सकाळी तो फेस पिंजलेल्या कापसासारखा खडकांना चिकटून बसतो. त्यात पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य, कुणाच्या घरातली जुनी तसबीर, सगळं अडकलेलं असतं. आणि त्याच फेसाच्या कडेला, ओल्या खडकांवर, नारिंगी-तांबूस अंगाची आणि फिकट डोक्याची चक्रवाकं जोडीजोडीनं उभी असतात.

दिवाळीच्या आगेमागे मी इथं पक्षी मोजायला येते. पाहायला येणं निराळं आणि मोजायला येणं निराळं. पाहणारा माणूस देखण्या पक्ष्यापाशी थांबतो. मोजणाऱ्याला कावळा, साळुंकी, पारवा यांतलं कुणीही सोडता येत नाही. यादी पूर्ण असली तरच त्या यादीत जो पक्षी नाही, त्याच्या नसण्याला अर्थ येतो.

राज्य सरकारनं 2020 साली 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. 5 तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 तारीख पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या. तारखा जन्मदिवसांवरून निघाल्या असल्या, तरी पुण्याच्या नदीवर मोजणीला याहून चांगला आठवडा क्वचितच असेल. पावसाळाभर खडकवासला धरणातून विसर्ग चालू असतो, तेव्हा बंधारा पाण्याखाली असतो आणि काठावर पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरात विसर्ग थांबला की पाणी उतरतं. आधी खडकांची टोकं दिसू लागतात, मग त्यांच्यामधला चिखल, मग उथळ डबकी. लांबून आलेल्या पक्ष्यांना नेमकं हेच लागतं. सगळे एकदम येत नाहीत. तुताऱ्या आणि धोबी पाऊस पुरता सरायच्या आधीच हजर असतात. बदकं मागून येतात, आणि बरीचशी दिवाळीनंतर. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथं काही पक्षी स्थिरावलेले, काही नुकते उतरलेले आणि काही दोन दिवस खाऊन दक्षिणेकडे निघायच्या बेतात, अशी सरमिसळ असते.

पहिल्यांदा चक्रवाकं मोजायची. त्यांच्यापाशी धीर नसतो. माणूस जरा जास्त पुढे सरकला की आधी माना उंचावतात, मग एक जण नाकातून घोगरं ओरडतो, आणि क्षणात सगळी हवेत जातात. उडताना पंखांवरचे पांढरे पट्टे एकदम उघडतात. देखणं दृश्य असतं, पण तो क्षण आला म्हणजे मोजणी बिघडली असं समजायचं. म्हणून लांब उभं राहायचं, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि दुर्बीण वरच्या काठापासून खालच्या काठाकडे एकाच दिशेनं फिरवायची. मोजलेल्या भागातून उडून कुणी पुढे गेलं तर वहीत बाजूला बाणाची खूण करायची, म्हणजे तेच पक्षी दोनदा मोजले जात नाहीत.

या पक्ष्याकडे पाहताना मला एक आकडा नेहमी आठवतो. सॅटेलाइट ट्रॅकर बसवलेल्या चक्रवाकांच्या एका अभ्यासात, हिमालय ओलांडताना ती 6,800 मीटर उंचीपर्यंत गेल्याचं 2017 साली प्रसिद्ध झालं. पट्टकदंब हंसांची अशीच नोंद 7,290 मीटरची आहे, पण हंसाच्या उंच उडण्याचा बोलबाला आधीपासून होता. चक्रवाकाकडून एवढी अपेक्षा फारशी कुणी केली नव्हती. त्यांचा वीण घालायचा मुलूख लडाख, तिबेट आणि त्याच्याही पलीकडे मध्य आशियात आहे. तिथली तळी गोठायला लागली की ती निघतात, आणि त्यांतली काही या फेसाशी येऊन थांबतात. बंधाऱ्यावरून जाणारी शाळकरी मुलं मला विचारतात, “काकू, ही बदकं कुणाची?” मी त्यांना दुर्बीण देते आणि हिमालय कुठल्या दिशेला आहे ते हातानं दाखवते.

मग थव्यानं तरंगणारी बदकं. इथं एकेक करून मोजणं शक्य नसतं. आधी दहा बदकं नीट मोजायची, दहांनी पाण्यावर किती जागा घेतली ते डोळ्यांत बसवायचं, आणि तेवढ्याच मापानं थव्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. परत उलट्या दिशेनं. दोन आकडे जवळ आले तर ठीक, नाहीतर तिसऱ्यांदा. थापट्या बदकं मोजणाऱ्याची सत्त्वपरीक्षा घेतात. ती घोळक्यानं गोल गोल फिरतात, एकाच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा आपल्या फावड्यासारख्या रुंद चोचीतून गाळून घेतो, आणि सगळा घोळका भोवऱ्यागत सरकत राहतो.

नोव्हेंबरात त्यांची ओळख पटवणंही सोपं नसतं. पुस्तकातला थापट्याचा नर चकचकीत हिरव्या डोक्याचा, पांढऱ्या छातीचा आणि तांबूस कुशीचा असतो. इथं समोर असतं मातकट, ठिपकेदार, मादीसारखंच दिसणारं बदक. विणीनंतर नरांची रंगीत पिसं झडतात आणि ते काही महिने या साध्या पेहरावात काढतात. आपल्याकडे येतात तेव्हा त्यांची पिसं बदलायचं काम अजून चालू असतं. कुणाच्या डोक्यावर हिरव्याचा एखादा डाग आलेला असतो, कुणाच्या छातीवर पांढरं फुटू लागलेलं असतं. रंग विसरून ठेवणीकडे पाहायला लागतं. चोच रुंद आणि खाली झुकलेली असेल तर थापट्या. मान लांब, शेपूट टोकदार असेल तर तलवार बदक. डोळ्यावरची फिकट भिवई आणि डोळ्यातून जाणारी गडद रेघ ठळक असेल तर भिवई बदक. स्थानिक हळदी-कुंकू बदक त्यांच्यात मिसळलेलं असतं, त्याच्या चोचीचं पिवळं टोक तेवढं लगेच सांगून जातं.

मला सगळ्यात जास्त वेळ चिखलापाशी द्यावासा वाटतो. तिथं लहान, तपकिरी, एकसारखी दिसणारी मंडळी असतात आणि बहुतेक लोक त्यांच्याकडे पाठ करून चक्रवाकांचे फोटो काढत असतात. पण तीन तुताऱ्या शेजारी शेजारी चरताना सापडल्या तर त्यांच्यातला फरक पाहण्यात तास कसा जातो कळत नाही. सामान्य तुतारी चालताना शेपटीचा भाग सतत वरखाली हलवते, खांद्यापाशी तिचं पांढरं पोट पंखाच्या पुढून वर चढलेलं दिसतं, आणि उडाली की पंख ताठ ठेवून पाण्यालगत थरथरत जाते. हिरवी तुतारी गडद असते, एकटी राहायला आवडतं तिला, आणि घाबरून उठली की पाठीमागचा पांढराशुभ्र भाग असा चमकतो की शंका उरत नाही. ठिपकेवाली तुतारी जरा उंच पायांची, पाठीवर बारीक नक्षी असलेली, उठताना भरभर तीन-चार तीक्ष्ण शिट्या मारणारी. त्यांच्या पायांत कंठेरी चिखल्या धावतो, थांबतो, परत धावतो. आणि अगदी खाली, चिखलाच्याच रंगाचा, चिमणीएवढा टेमिंकचा टिलवा असतो. तो हलला नाही तर दिसत नाही.

धोबी शेवटी मोजायचे, कारण ते माणसाला फारसे भीत नाहीत. पांढरा, करडा, पिवळा, पिवळ्या डोक्याचा. फेसाच्या कडेकडेनं चालत ते माशा टिपतात.

एवढे सगळे पक्षी या पाण्यावर का येतात? मोजणीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. बंधाऱ्यावर भेटणारे अनेक जण पक्ष्यांची गर्दी पाहून म्हणतात, “म्हणजे पाणी तेवढं काही वाईट नसणार.” या वाक्यानं मी अस्वस्थ होते. मैलापाण्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असतं. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवत जातात. नाजूक मासे आणि पाणकिडे अशा पाण्यात टिकत नाहीत. पण डासांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या काही किड्यांच्या अळ्या टिकतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळातही जगतात. त्यांना खाणारे मासे आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे जीव निघून गेले की गाळ त्यांनी भरून जातो. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर उभा राहून दिवसभर त्याच उचलत असतो. तुताऱ्यांना त्या मिळतात, आणि त्यांतून निघालेल्या माशा धोब्यांना. थापट्याच्या चोचीच्या कडांना बारीक कंगव्यासारखे दाते असतात, त्यांतून तो अशा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घेतो. ही नदी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तिचं पाणी उजनीत जातं, जिथं भिगवणला रोहित पाहायला आपण गाड्या काढून जातो. पुण्याचं सांडपाणी तिथपर्यंतच्या पक्ष्यांच्या ताटात जातं.

जे येत नाहीत त्यांची कारणंही याच पाण्यात आहेत. लालसरी किंवा शेंडी बदक बुडी मारून तळाशी चरतं. लालसरीचं बरंचसं खाणं पाणवनस्पतींचं, आणि काळ्या, गढूळ पाण्यात ऊन तळापर्यंत जात नाही, म्हणून त्या वनस्पती उगवत नाहीत. नदी सुरय आणि कवड्या खंड्या हवेतून नजरेनं मासा हेरतात. त्यांना आरपार दिसणारं पाणी लागतं. एखादा सुरय कवडीवरून जातो, दोन फेऱ्या मारतो आणि निघून जातो.

हे सगळं पुण्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. 1982 साली इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्या प्रकाश गोळे यांचा एक लेख 1984 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये आला. त्याचं शीर्षकच ‘बर्ड्‌स ऑफ अ पोल्यूटेड रिव्हर’ असं होतं. चाळीस वर्षांपूर्वी एका माणसानं नदीकाठी उभं राहून पक्षी आणि घाण यांचा हिशेब एकत्र मांडला, याबद्दल मला फार आदर वाटतो. आज आपण जे मोजतो त्याला तुलनेसाठी मागचं टोक आहे ते अशा लोकांमुळे.

आणि तुलना एका बंधाऱ्याची करून भागत नाही. 2023 सालचा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल सुमारे 30,000 हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग ही बदकं देशभरात स्पष्टपणे कमी होत आहेत, असं त्यात दिसतं. कवडीला थापट्यांचा मोठा थवा पाहून आनंद होतो तेव्हा हे शेजारी ठेवावं लागतं. दुसरीकडची चांगली पाणथळ जागा गेली म्हणूनही एखादा थवा इथं दाटीनं बसलेला असू शकतो. नुसता आकडा हे सांगत नाही. शेजारच्या जागांवर त्याच आठवड्यात मोजणी झाली असेल तर थोडं सांगतो.

सगळे पाहुणे पाण्यावर उतरत नाहीत, हे इथं सांगायला हवं. याच दिवसांत वेताळ टेकडीवर थिरथिरा शेपूट थरथरवत असतो, आणि सोसायटीच्या आवारातल्या कढीपत्त्याच्या झाडातून ब्लिथचा वटवट्या ‘चक् चक्’ करत असतो. तो दिसत नाही, पण आवाज ओळखता आला तर घराच्या गॅलरीतूनही यादीत घेता येतो.

नदीचं पुढे काय होणार, हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. जपानच्या जायका संस्थेच्या मदतीनं 2016 साली मंजूर झालेल्या योजनेत पुण्यासाठी 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत, रोज 396 दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्यासाठी. दुसरीकडे 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झालं. पहिल्या कामाची मी मनापासून वाट पाहते. दुसऱ्याची धास्ती वाटते, कारण तुतारीला, टिलव्याला, चिखल्याला हळूहळू पाण्यात उतरणारा चिखलाचा काठ लागतो. बांधीव, सरळ काठाशी त्यांना काम नसतं. येरवड्याच्या बाजूला ज्या पट्ट्याला आपण डॉ. सालिम अलींचं नाव दिलं, तिथं अजून असा काठ आहे. तो तसाच राहायला हवा.

पण पाणी खरोखर शुद्ध होऊ लागलं तर काय दिसेल, याचीही तयारी आपण करायला हवी. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या फोर्थच्या खाडीत, सांडपाण्याच्या तोंडाशी हिवाळ्यात हजारोंनी डुबी बदकं जमत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस शहरानं मैलापाणी शुद्ध करायला घेतलं आणि ते थवे ओसरले. पुण्याच्या नदीवरही तसं होऊ शकेल. गाळातल्या लाल अळ्या घटल्या तर शेकाटे आणि थापटे घटतील, आणि कुणीतरी म्हणेल की शुद्धीकरणानं पक्षी पळवले. त्या दिवशी आपल्याजवळ पूर्ण याद्या असायला हव्यात. शेकाटे किती कमी झाले हे त्यांत असेल, आणि सुरय, कवड्या खंड्या, लालसरी परत आल्या का, हेही.

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तेव्हा कवडीला परत जायचं आहे. वहीत मी लालसरीसाठी वेगळा रकाना आखून ठेवला आहे. शून्य आलं तर शून्य लिहायचं, पण रकाना रिकामा सोडायचा नाही.