हुमणीचे भुंगे आणि पहिला वळीव

सभासद बंधूंनो, श्रावण-भाद्रपदात ऊस पिवळा पडला, बेट हाताने अलगद उपटून आलं, की आपली धावपळ सुरू होते. पण तोवर अळीने मुळे खाऊन टाकलेली असतात. हुमणीचा खरा हिशेब मे-जूनमध्ये, पहिल्या वळवालाच सुरू होतो.

हिवाळ्याच्या तोंडी कोषातून निघालेला भुंगा उन्हाळाभर जमिनीतच गप पडून राहतो. वळवाची दमदार सर झाली, ओल खाली मुरली, की दिवेलागणीला भुंगे झुंडीने बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जाऊन पाला खातात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. मादी ओल्या मातीत साधारण 50 ते 60 अंडी घालते. रोहिणीत पाऊस एकदम झाला तर भुंगेही एकदम निघतात. तुटक पडला तर त्यांचे निघणेही लांबते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की पहिल्या पावसानंतर रोज संध्याकाळी 7 नंतर बांधावरच्या झाडांच्या फांद्या हलवाव्यात. खाली पडलेले भुंगे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. अंडी घालण्याआधी एक मादी सापडली, की पन्नासेक अळ्या टळल्या म्हणून समजा.

हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तुमची झाडे झाडली आणि शेजाऱ्याची राहिली, तर उपयोग काय? भुंगा काही बांध ओळखत नाही. सगळ्या गावाने मिळून केले, तरच लागण वाचेल आणि खोडवाही हाती लागेल.