पॉवर कंट्रोलर चिप

पॉवर कंट्रोलर चिप ही संगणकाच्या मदरबोर्डवरील किंवा ग्राफिक्स कार्डवरील प्रोसेसरचा कमी दाबाचा व मोठ्या प्रवाहाचा वीजपुरवठा नियंत्रित करणारी चिप होय. मॉसफेट स्विचांची उघडझाप नियंत्रित करून ती १२ व्होल्टचा विद्युतदाब सुमारे १ व्होल्टपर्यंत उतरवते. प्रवाह १०० अँपिअर असल्यास मार्गातील अवघ्या १ मिलिओहम रोधातही १० वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून हा भार अनेक फेजांमध्ये विभागला जातो.

पर्यायी चिपची निवड

मूळ चिप मिळत नसल्यास पर्याय निवडताना केवळ पिनांची मांडणी जुळणे पुरेसे नसते. संदर्भ विद्युतदाब समान असणे आवश्यक असते. तो ०.६ ऐवजी ०.८ व्होल्ट असल्यास, रोधकांची तीच जोडी कायम ठेवून १ व्होल्टऐवजी सुमारे १.३३ व्होल्ट मिळतात आणि प्रोसेसर निकामी होऊ शकतो. फेजांची संख्या, स्विचिंगची वारंवारता, प्रवाहमापनाची पद्धत आणि अतिप्रवाह संरक्षणाची मर्यादाही तपासावी लागते. अनेक डिजिटल चिपांच्या स्मृतीत त्या बोर्डापुरत्या नोंदी साठवलेल्या असतात. त्यामुळे त्याच क्रमांकाची कोरी चिपही नोंदी भरल्याशिवाय उपयोगी पडत नाही. शक्य असल्यास पहिली चाचणी प्रोसेसर न जोडता, मर्यादित प्रवाहावर घेणे सुरक्षित ठरते.