मागचा तांबडा दिवा

मोटार चालविणाऱ्याला आपल्या गाडीचे जे अंग बसल्या जागेवरून कधीच दिसत नाही, ते तिचे मागील अंग होय. पुढचे दिवे मंदावले तर रस्ता अंधारतो आणि चालकाला ते तत्क्षणी उमगते. मागचा तांबडा दिवा विझला तर त्याच्या स्वतःच्या प्रवासात काहीच उणे पडत नाही. धोका उभा राहतो तो मागून येणाऱ्यापुढे. हा दिवा आपण स्वतःसाठी नव्हे, तर एका अनोळखी प्रवाशासाठी लावीत असतो. म्हणूनच त्याच्याकडे सहज दुर्लक्ष होते, आणि म्हणूनच ते होता कामा नये.

अ‍ॅम्बॅसिडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनीचे तर त्याच्या कितीतरी आधी. तरीही बेळगाव-खानापुराकडे किंवा गोव्यात अशी एखादी गाडी घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी जपलेली आढळते. इंजिन ठणठणीत, रंग नवा, गाद्या नव्या. एकच तक्रार असते. मागचा एक दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, आणि डिकीवर थाप मारली की पुन्हा लागतो. थाप मारून दिवा लागला की मालकाचे समाधान होते. खरा धोका येथेच आहे. कायमचा विझलेला दिवा आज ना उद्या दुरुस्त होतो; लहरी दिवा मात्र घरासमोर लागतो आणि चोर्ला घाटातल्या धुक्यात विझतो.

हिशेब मांडून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. पुढे काही आहे हे ध्यानी येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर गेलेच. मग कोरड्या रस्त्यावरही थांबायला साधारण तितकेच अंतर आणखी लागते. पावसात त्याहून अधिक. मागच्याला हे अंतर मिळवून देणे, एवढेच त्या तांबड्या ठिपक्याचे काम.

दिवा असा लहरी का होतो? घरातील विजेच्या दिव्याला दोन तारा असतात, एक वीज आणणारी व दुसरी परत नेणारी. जुन्या मोटारीत बहुधा दिव्याकडे एकच तार जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच. बॅटरीचे एक टोक त्या सांगाड्याला जोडलेले असते. यालाच आपले मिस्त्री ‘अर्थिंग’ म्हणतात. बल्बच्या होल्डरला गंज चढला, त्याची स्प्रिंग मऊ झाली किंवा त्याला धरून ठेवणारा स्क्रू सैल झाला, की ही परतीची वाट कधी जुळते, कधी तुटते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात हा गंज लवकर धरतो. गाडी नव्याने रंगविल्यावर तर गंमतच होते. स्क्रूखालच्या पत्र्यावर रंगाचा थर बसतो आणि गाडी देखणी होताच दिवा रुसतो!

या दोषाची एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुष्कळ गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात; ५ वॅटची नेहमीच्या दिव्यासाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. बारा व्होल्टवर पहिलीला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो, दुसरीला पावणेदोन अँपिअर लागतो. गंजलेल्या वाटेने थोडा प्रवाह कसाबसा निभावतो, म्हणून साधा दिवा ठीक दिसतो. ब्रेक दाबला की मात्र दोन्ही मंदावतात. अडलेली वीज मग दुसरी वाट शोधते आणि शेजारच्या बल्बांतून शिरते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर अंधूक पेटणे, किंवा इंडिकेटरच्या तालावर मागचा दिवा फडफडणे, ही अर्थिंग बिघडल्याची बोलकी लक्षणे होत. अशा वेळी नवनवे बल्ब घालीत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तपासणी क्रमाने करावी. प्रथम दोष एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, हे पाहावे. दोन्ही दिवे एकदम जात असतील तर फ्यूज, स्विच किंवा पुढून मागे येणारी वायर यांकडे वळावे. एकच जात असेल तर त्या दिव्यापाशीच शोधावे. मग डावा-उजवा बल्ब अदलाबदल करावा. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्बच दोषी. आतली तुटकी तार हादऱ्याने कधी टेकते, कधी सुटते. दोन तारांच्या बल्बच्या कडेच्या खिळ्या एकाच उंचीवर नसतात, तो उलटा बसू नये म्हणून. जबरदस्तीने उलटा बसविल्यास ब्रेकचा आणि साधा दिवा यांची कामे बदलतात.

दोष जागचा हलला नाही, तर तारेचा एक तुकडा घेऊन होल्डरचे धातूचे अंग डिकीतील खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याला जोडून पाहावे. दिवा लख्ख झाला की निदान झाले. मल्टिमीटर असेल तर दिवा चालू ठेवून होल्डर आणि बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले टोक यांमधील व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला तर वाट अडली आहे असे समजावे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तरी असल्या बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो.

तरीही उलगडा न झाल्यास दिवा लावून घरातील कोणाला तरी मागे उभे करावे आणि वायरिंग हळूहळू हलवीत जावे. डिकीच्या बिजागरीपाशी वायर रोज वाकते. वरचे आवरण शाबूत दिसले तरी आतले तांबे तुटलेले असू शकते.

उपाय साधाच आहे. बॅटरीची जोडणी काढून होल्डर, स्क्रू आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करावा, स्क्रू घट्ट आवळावा, जोडणी पुरी झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. स्प्रिंगच थकली असेल तर होल्डर बदलावा. मात्र फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याला चांदी गुंडाळणे किंवा अधिक अँपिअरचा फ्यूज बसविणे कदापि करू नये. फ्यूज वाचतो आणि वायरिंग पेटते.

दुरुस्ती झाली हे थाप मारून नव्हे, गाडी चालवून ठरवावे. खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी, आणि त्यानंतरही महिन्यातून एकदा रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबावा. भिंतीवर दोन सारखे तांबडे डाग आरशात दिसले पाहिजेत. मागचे लाल परावर्तकही याच वेळी पुसून घ्यावेत; दिवा दगा देईल तेव्हा विजेवाचून काम करणारे तेवढेच उरतात.

दिव्याखाली अंधार असतो, असे आपण म्हणतो. मोटारीच्या बाबतीत तो दिव्यामागे असतो, आणि त्या अंधारातून कोणीतरी आपल्या दिव्यावर विसंबून येत असतो.